‘घरच्यासारखी’ म्हणजे कोण?

नोकरी करणारी स्त्री, तिचे तान्हे मूल आणि ते सांभाळण्याची व्यवस्था हा विषय मुंबई-पुण्याचा आहे, असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावाचे नाव या संदर्भात कोणी घेत नाही. खेड्यात घरे मोठी, माणसे पुष्कळ, आजी ओसरीवर बसलेली, शेजारीण हाकेच्या अंतरावर; मग मुलाचा प्रश्न उद्भवतोच कुठे, अशी ही समजूत. वस्तुतः ती समजूत जुनी झाली, तिला कितीतरी वर्षे लोटली. जिल्हा परिषदेच्या शाळा, आरोग्य केंद्रे, बँका, टपाल कार्यालये आणि तलाठी कार्यालये यांतून आज खेड्यापाड्यांत स्त्रिया काम करीत आहेत. त्यांतील अनेकींचे माहेर एका तालुक्यात, सासर दुसऱ्या तालुक्यात आणि नेमणूक तिसऱ्याच ठिकाणी असते. नवरा-बायको दोघेही रोज ‘अपडाऊन’ करतात. सासू-सासरे शेती सोडून नोकरीच्या गावी येऊ शकत नाहीत आणि आले तरी महिना-दोन महिन्यांपलीकडे रमत नाहीत. अशा घरात मूल जन्मते तेव्हा आनंदाच्या पाठोपाठ एक हिशेब सुरू होतो. राज्य शासनाच्या कर्मचारी स्त्रीला प्रसूतीची रजा १८० दिवस मिळते. मग १८१व्या दिवशी सकाळी मूल कोणाच्या हाती द्यावयाचे?

या प्रश्नाला आपल्या समाजाने दोन उत्तरे शोधून ठेवली आहेत. एक, नात्यातील किंवा ओळखीच्या गरीब घरची एखादी मुलगी ‘शिकायला’ म्हणून आणून ठेवावी. ती घरात राहील, घरचे खाईल, बाळाला खेळवील आणि घरच्यासारखी वाढेल. दुसरे, गावातीलच एखादी गरजू बाई ठरवून तिला महिन्याचे पैसे द्यावेत. दोन्ही मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत, आणि बहुतेकांच्या मनाचा ओढा पहिल्याकडे असतो. पहिल्या मार्गाला मायेचे नाव आहे, दुसऱ्याला व्यवहाराचे. आणि मुलाच्या बाबतीत व्यवहार कोणाला नको असतो. परंतु या दोन नावांच्या मागे प्रत्यक्षात काय दडलेले आहे, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. शिक्षक, कारकून आणि उद्या त्याच जागांवर बसणारे विद्यार्थी यांनी तर ते अवश्य पाहिले पाहिजे, कारण या निवडीचे परिणाम ज्या वर्गखोलीत दिसतात ती वर्गखोली त्यांचीच आहे.

युरोपातील दोन शब्द

नेमका हाच पेच युरोपातील मध्यमवर्गाने दोन शब्दांत मांडला आहे. तेथे ‘नॅनी’ म्हणजे मूल सांभाळण्याचा व्यवसाय करणारी, ठरलेला पगार घेणारी स्त्री. ‘ओ पेअर’ ही मात्र परदेशातून आलेली तरुणी. ती यजमान कुटुंबात राहते, त्यांच्या पंगतीला जेवते, त्यांची भाषा शिकते आणि त्याच्या मोबदल्यात मुलांकडे पाहते. तिला पगार नव्हे, हातखर्च मिळतो. या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे. ती नोकर नाही आणि पाहुणीही नाही, ती घरची. आपल्या ‘घरच्यासारखी’ या शब्दाला यापेक्षा जवळचा भाऊबंद सापडणार नाही.

परंतु एक भेद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. ‘बरोबरीच्या नात्या’वर विसंबून राहणे धोक्याचे आहे, हे युरोपाने फार पूर्वी ओळखले. २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबुर्ग येथे युरोप परिषदेने या मुलींविषयी एक करार केला. ही तरुणी १७ वर्षांपेक्षा लहान आणि ३० वर्षांपेक्षा मोठी असू नये. तिचे काम दिवसाला साधारणतः ५ तासांहून अधिक नसावे. आठवड्याचा किमान एक दिवस पूर्ण मोकळा असावा. भाषेच्या वर्गाला जाण्यास वेळ मिळावा. तिचे राहणे एक वर्षाचे, फार तर दोन वर्षांचे असावे आणि अटी लेखी असाव्यात, असे त्यात नमूद आहे. म्हणजे ‘घरची’ म्हटल्यानंतरही घड्याळ लागतेच, सुटीचा वार ठरवावाच लागतो. इतके करूनही हा मार्ग निर्दोष ठरला नाही. स्वस्तात घरकाम करून घेण्याची ती पळवाट झाली आहे, असा आक्षेप अनेक देशांत घेतला गेला आणि नॉर्वेने तर २०२४ मध्ये ही योजना बंदच केली. नियमांच्या चौकटीतही जेथे ‘बरोबरी’ टिकत नाही, तेथे नियमांवाचून ती कशी टिकावी?

इतिहासातही याचे दाखले आहेत. इंग्रजी अमदानीत साहेबांच्या मुलांना आगबोटीच्या प्रवासात सांभाळण्यासाठी हिंदुस्थानातून आया विलायतेला नेल्या जात. महिनाभराच्या त्या प्रवासात आया हीच मुलांची आई असे. मात्र किनारा लागला की पुष्कळशा कुटुंबांची गरज संपे आणि त्यांतल्या कित्येक जणी परतीच्या भाड्याचीही सोय न करता लंडनमध्ये सोडून दिल्या जात. अशा निराधार आयांसाठी लंडनच्या हॅकनी भागात एक आश्रयगृह चालविले जात होते. त्या वास्तूवर २०२२ साली स्मृतिफलक लावण्यात आला. गरज आहे तोवर घरची, गरज सरली की परकी, हा या नात्यातला जुना दोष आहे. याउलट, लहानपणीच आईवेगळ्या झालेल्या संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचे नाव महाराष्ट्राने आजतागायत जपले. माया कृत्रिम असते, असा याचा अर्थ नव्हे. सांभाळणारीला स्वतःचे नाव, स्वतःचे घर आणि स्वतःचा मान असेल तरच ती माया टिकते, एवढाच याचा अर्थ.

आपल्या घरची ‘शिकायला आलेली’ मुलगी

आता आपल्याकडे पाहू. आपल्या ‘ओ पेअर’चे वय १७ नसते, पुष्कळदा ते १० ते १३ असते. ती मामीकडे, मावशीकडे किंवा दूरच्या आत्याकडे ‘शिकायला’ येते. तिच्या आईबापांनाही ते भूषणच वाटते, कारण मास्तरांच्या घरी राहिली तर पोरीला वळण लागेल, चार अक्षरे अधिक येतील, पुढे स्थळ चांगले मिळेल. आणणाऱ्यांचा हेतूही बहुधा वाईट नसतो. तिला नवे कपडे मिळतात, दिवाळीला घरी पाठवितात, शाळेत नावही घातले जाते. परंतु बाळ तापाने फणफणले तर शाळा कोणाची बुडते? सकाळी दोघांची बस निघाल्यावर आणि शाळेची घंटा होईपर्यंत पाळणा कोण हलविते? संध्याकाळी बाळ रडत असताना गृहपाठाची वही कोणाची मिटते? हे प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारीत नाही, कारण विचारण्याजोगा शब्दच उरलेला नसतो. ती कामाला असती तर ‘आज सुटी’ असे म्हणू शकली असती. घरच्या माणसाला सुटी कसली?

या बाबतीत कायदा काय म्हणतो, हे सुशिक्षित घरांनाही फारसे ठाऊक नसते. १४ वर्षांखालील मुलांना घरगडी म्हणून ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून मनाई झाली. पुढे २०१६ साली १९८६ च्या बालकामगार कायद्यात दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही कामावर ठेवणे हा गुन्हा ठरला. तथापि या दुरुस्तीने एक सवलतही ठेवली. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत मुलाने आपल्या कुटुंबाला मदत करण्यास हरकत नाही, असे तीत म्हटले आहे; आणि ‘कुटुंब’ या शब्दात आईबाप व भावंडे यांच्याबरोबर आईचे भाऊ-बहीण आणि वडिलांचे भाऊ-बहीण यांचाही समावेश केला आहे. म्हणजे मामा, मावशी, काका, आत्या हे सारे या सवलतीच्या छत्राखाली आले. ज्या घरात भाची राबते त्याच घराला कायद्याने ‘कुटुंब’ म्हटले. २०१७ च्या नियमांनी या मदतीला काही मर्यादा घातल्या: शाळेच्या वेळेत नको, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत नको, दिवसाला ३ तासांहून अधिक नको. पण मावशीच्या घरात संध्याकाळी ७ वाजता घड्याळाकडे पाहणार कोण? निरीक्षक तेथे पोचत नाही आणि पोचला तरी दारात त्याला ‘ही आमची भाची’ एवढेच उत्तर मिळेल. ते खोटेही नसते.

तेव्हा जेथे कायद्याची नजर पोचत नाही तेथे आपल्या विवेकाची पोचली पाहिजे. भाचीला शिकायला आणणे हे पुण्याचे काम आहे; मात्र बाळ नसते तरीही आपण तिला आणले असते काय, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर ‘नाही’ असेल, तर ती शिकायला आलेली नाही. ती कामाला आलेली आहे आणि तिचे ते वय नाही.

पगार दिल्याने माया आटत नाही

दुसऱ्या मार्गावर घेतला जाणारा आक्षेप असा की, पैशाने माणूस मिळतो, माया मिळत नाही. या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. अनोळखी बाईच्या हाती सहा महिन्यांचे लेकरू देताना आईच्या पोटात कालवाकालव होते, ती खोटी नसते. परंतु हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्याच पेशाकडे पाहावे. शिक्षकाला पगार मिळतो म्हणून त्याची विद्यार्थ्यांवरील माया आटते काय? परिचारिकेला वेतन मिळते म्हणून रुग्णाच्या उशाशी तिने काढलेली रात्र खोटी ठरते काय? आपल्या बाबतीत वेतन आणि जिव्हाळा यांचा संगम आपण सहज मान्य करतो. मूल सांभाळणाऱ्या बाईच्या बाबतीत मात्र वेतनाचे नाव निघताच जिव्हाळ्याला बाधा येते, असे आपल्याला वाटू लागते. खरे पाहता ठरलेले वेतन, ठरलेली वेळ आणि ठरलेली सुटी यांमुळे मायेला आधारच मिळतो. ज्या बाईला आपले पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला हातात पडतील याची खात्री असते, आजारी पडल्यास काम जाणार नाही याचा भरवसा असतो, ती बाई वर्षानुवर्षे एका घरी राहते. आणि तान्ह्या मुलाला नेमके हेच हवे असते, की सांभाळणारा हात वारंवार बदलू नये.

म्हणून निवड करावयाचीच असेल तर ती सज्ञान, स्वखुशीने आलेल्या आणि मजुरी घेणाऱ्या बाईच्या बाजूने करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. किती तास, किती पैसे, आठवड्याची सुटी कोणती, बाळाखेरीज घरातील आणखी कोणती कामे तिच्याकडे असतील आणि कोणती नसतील, हे सारे आधी बोलून घ्यावे. भांडी, धुणे, स्वयंपाक आणि बाळ हे सारे एकाच पगारात बांधले की चारही कामे बिघडतात, हा सर्वांचाच अनुभव आहे. महाराष्ट्राने २००८ साली घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. १८ ते ६० वर्षे वयाच्या स्त्री-पुरुषांची त्याखाली नोंदणी होऊ शकते. ही नोंदणी करून देणे हे मालकिणीच्या हातचे काम आहे, पण खेड्यांतील किती सुशिक्षित कुटुंबांनी आपल्या बाईसाठी एवढी तसदी घेतली असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली घरकामगारांच्या हक्कांविषयी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण मान्यतेची मोहोर काही उमटविली नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास केंद्राला सांगितले. कायदा यायचा तेव्हा येईल, माणुसकीला मात्र राजपत्राची वाट पाहावी लागत नाही.

साखळीचे दुसरे टोक

येथवरचे विवेचन मान्य केले तरी प्रश्न सुटत नाही. उलट त्याचे खरे रूप आता कोठे दिसू लागते. आपल्या घरी बाळ सांभाळायला येणारी बाईही आई असते. ती आपल्याकडे आली की तिच्या मुलाकडे कोण पाहते? वाशीम हा सोयाबीन-तुरीचा जिल्हा. निंदणाच्या आणि सोंगणीच्या दिवसांत गावातील मजूर स्त्रिया सकाळी लवकर शेतावर जातात. त्यांची तान्ही मुले बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत असतात, नाहीतर घरी थोरल्या बहिणीच्या कडेवर. ती थोरली बहीण आठ-दहा वर्षांची असते आणि त्या दिवसांत तिचे नाव शाळेच्या पटावर असले तरी ती वर्गात नसते.

येथे एक कटू योगायोग घडतो. बाई सकाळी गुरुजींच्या घरी येऊन त्यांचे बाळ कडेवर घेते. बाईचे स्वतःचे बाळ तिच्या थोरल्या मुलीच्या कडेवर असते. गुरुजी निश्चिंत मनाने शाळेत जातात, हजेरीपत्रक उघडतात आणि त्या मुलीच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करतात. पालक-सभेत मग ‘या लोकांना शिक्षणाचे महत्त्वच कळत नाही’ असे वाक्य कोणीतरी उच्चारतो. गुरुजींचा यात वैयक्तिक दोष नाही, बाईचा तर नाहीच. पण २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क देतो आणि त्या हक्काच्या वाटेत पुष्कळदा एक पाळणा आडवा असतो, हे या साऱ्या व्यवहारात कोणाच्याच ध्यानात येत नाही.

शिवाय प्रत्येक नोकरदार कुटुंबाला स्वतंत्र बाई परवडते, असेही नाही. राज्यातील प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन १ जानेवारी २०२३ पासून दरमहा १६,००० रुपये झाले. त्याआधी ते कितीतरी कमी होते. कंत्राटी कारकून, परिचारिका, संगणक चालक यांची स्थिती याहून फार वेगळी नाही. एवढ्या रकमेतून घरभाडे, बसचे भाडे आणि गावाकडे पाठवावयाचे पैसे वजा जाता बाईला योग्य मजुरी कोठून द्यावयाची? स्वस्तातली भाची आणण्याचा मोह येथूनच जन्मतो. म्हणजे हा प्रश्न केवळ मनाच्या मोठेपणाने सुटणारा नव्हे. एका घराला जे पेलत नाही ते दहा घरांनी आणि गावाने मिळून पेलावे लागते.

पुरुषांचा वाटा

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या सबंध चर्चेत मुलाचा बाप कोठे आहे? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाची सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८. घरातील माणसांची देखभाल करण्यात स्त्रियांची १३७ मिनिटे जातात, पुरुषांची ७५. ही सरासरीही प्रत्यक्ष ती कामे करणाऱ्यांची आहे. जे करीतच नाहीत ते तीत धरलेले नाहीत. राज्य शासनाने २०१८ साली बालसंगोपनासाठी १८० दिवसांची रजा मंजूर केली ती मुख्यतः स्त्री कर्मचाऱ्यांना. पुरुषाला ती पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळली असेल तरच मिळते. म्हणजे बायको धडधाकट असेपर्यंत मूल हे बापाचे काम नव्हे, ही समजूत शासननिर्णयातही शिरलेली आहे. नवरा-बायको एकाच गावात शिक्षक असतील तर बाळाच्या सकाळी आणि संध्याकाळी वाटून घेणे अवघड नाही. अवघड असते ते पारावर बसलेल्या मंडळींचे हसणे सोसणे. एवढे धैर्य पदवीधर पुरुषांनी दाखविण्यास हरकत नसावी.

कोसबाडची वाट

गावाने हा भार उचलावा, ही कल्पना परकी नाही. ती याच महाराष्ट्रात, सर्वांत गरीब वस्त्यांत सिद्ध झालेली आहे. ताराबाई मोडक यांच्या आयुष्याची काही वर्षे आपल्या अमरावतीत गेली. पुढे एकट्या पडल्यावर लहान मुलीला घेऊन त्यांनी राजकोटला नोकरी पत्करली. नोकरी आणि मूल यांची ओढाताण त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, हे पाहून त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे आदिवासी मुले शाळेत टिकत नव्हती, कारण कोणी गुरे राखीत होते तर कोणी धाकटी भावंडे. या मंडळींनी आईबापांना दोष दिला नाही. त्यांनी गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा नेली आणि भावंडे राखणाऱ्यांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणून तिला ‘विकासवाडी’ म्हटले. थोरल्या बहिणीने धाकट्याला कडेवर घेऊन यावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे, इतका हा साधा उपाय होता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. आज एकट्या महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. पण शब्द गेला आणि पाळणाघर मागे राहिले. अंगणवाडी भरते दिवसातले मोजके तास. तिच्यात बसतात ती ३ ते ६ वर्षांची मुले. त्याहून लहान बाळांना वजन, लस आणि घरी न्यावयाचा पोषण आहार मिळतो, सांभाळणारा हात मिळत नाही. म्हणजे आईची मजुरी बुडते किंवा बहिणीची शाळा बुडते, त्या वयातच ही योजना मोकळी पडते.

आणि अंगणवाडी चालविणाऱ्या सेविकेची स्थिती काय आहे? तिला ‘वेतन’ मिळत नाही, ‘मानधन’ मिळते. ती शासनाची कर्मचारी नव्हे, ‘मानसेवी’ आहे. शासनानेही तिला ‘घरच्यासारखी’ ठेवली आहे, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस उपदानास पात्र असल्याचा निर्णय दिला, आणि डिसेंबर २०२३ पासून राज्यातील सेविकांना आपल्या मागण्यांसाठी दीर्घ संप करावा लागला. घरातील भाची आणि सरकारची सेविका या दोघींच्या बाबतीत आपण एकच युक्ती वापरली: कामाला गौरवाचे नाव द्यावयाचे आणि मोबदल्याचा विषय टाळावयाचा.

गावाला काय करता येईल

उपाय आकाशातून आणावे लागत नाहीत. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची सक्ती केली. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने कामावरील मजूर स्त्रियांच्या मुलांची सोय करण्याचे बंधन घातले. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने तर कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्याकडे पाहण्यासाठी एका स्त्रीला नेमून तिला पूर्ण मजुरी द्यावी, असे सांगितले होते. मूल सांभाळणे हे खोदकामाइतकेच काम आहे, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीतील बांधकामावर मजुरांच्या मुलांसाठी सुरू केलेली ‘मोबाईल क्रेश’ची चळवळ १९७२ मध्ये मुंबईत आली. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. पण किन्हीराजासारख्या गावात ५० माणसांची आस्थापना कोठे? चार शिक्षक इथे, दोन परिचारिका तिथे, एक कारकून पलीकडे आणि बाकी सगळे शेत. येथे गाव हीच आस्थापना मानली पाहिजे. कर्नाटकाने २०२३ मध्ये ४,००० ग्रामपंचायतींत ‘कूसिना मने’ या नावाने पाळणाघरे उघडण्याचे ठरविले ते याच विचाराने. केंद्रानेही ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची कल्पना मान्य केली आहे.

तेव्हा किन्हीराजासारख्या प्रत्येक मोठ्या गावाच्या ग्रामसभेने ठराव करून शाळेच्या आवारातील एखादी खोली मागून घ्यावी. गावातील दोन-तीन जाणत्या बायांना तान्ह्या मुलांच्या देखभालीचे शिक्षण द्यावे. पाळणाघराची वेळ शाळेच्या घंटेवर न ठेवता शेतमजुरीच्या वेळेवर ठेवावी आणि सोंगणीच्या दिवसांत ती वाढवावी. नोकरदारांनी ऐपतीप्रमाणे फी द्यावी, मजूर स्त्रीने नाममात्र द्यावी, उरलेला भार योजनेतून आणि ग्रामपंचायतीच्या निधीतून उचलावा. आणि बायांना मानधन नव्हे तर किमान मजुरीहून कमी नसलेले वेतन मिळावे. गुरुजींचे बाळ आणि सोंगणीला गेलेल्या बाईचे बाळ एकाच सतरंजीवर रांगू लागले, तर त्या पाळणाघराची स्वच्छता, दूध आणि कुलूप यांकडे गावाचे लक्ष आपोआप राहील. केवळ गरिबांसाठी चालविलेल्या सोयी गरीबच राहतात, हा आपला जुना अनुभव आहे. म्हणून सुशिक्षितांनी त्यात आपले मूल घातलेच पाहिजे.

हे उद्याच होणार नाही. पण जून महिन्यात शाळा उघडतील तेव्हा शिक्षकांना एक गोष्ट निश्चित करता येईल. जी मुलगी आठवड्यातून दोन दिवस गैरहजर असते, तिच्या घरी जाऊन तिच्या कडेवर कोण आहे ते पाहावे आणि त्या बाळाचे नाव, वय आणि घर एका वहीत लिहून ठेवावे. अशी वीस नावे जमली की ग्रामसभेपुढे ठेवण्याजोगा अर्ज तयार होतो. त्या यादीत शिक्षकांनी, परिचारिकांनी आणि कारकुनांनी आपल्याही बाळाचे नाव घालावे. मग ‘घरच्यासारखी’ कोणाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर एका घरापुरते राहणार नाही. ते गावाने मिळून दिलेले असेल.